गाण्यावरचा शिक्का

मामाची बोटं जेवणाच्या टेबलावर ठेका धरून होती, ती मध्येच थांबली. तेवढंच पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

मामा कॉलेजात असताना एका रॉक बँडमध्ये गायचा. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, ती खपली नाही आणि त्याच्याकडेही उरली नाही. परवा विसरलेली गाणी इंटरनेटवर टाकणाऱ्या एका संग्राहकाच्या पानावर ती मला सापडली. मी मामाला शेजारी बसवून गाणं लावलं. त्याचा तरुण आवाज खोलीभर झाला. मग ऐन गिटारच्या तुकड्यावर संग्राहकाचा जाड आवाज येऊन पडला, ‘हे दुर्मीळ गाणं माझ्या संग्रहातून.’ पुढे प्रत्येक कडव्यानंतर तेच.

नंतर मी त्या संग्राहकाला मेसेज करून जाब विचारला, तर म्हणाला, ‘कोणी चोरू नये म्हणून करावं लागतं.’ गायकाच्या नावापुढे मात्र त्याने ‘अज्ञात’ असं लिहून ठेवलंय.

ही माणसं गाणी रद्दीतून वाचवतात, हे मला मान्य आहे. पण म्हणून ती यांची होतात का? देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतं, त्याबद्दलही मी काही म्हणत नाही. पंखा निदान त्याने विकत आणलेला असतो.

गाणं ऐकताना मामा मात्र चिडला नव्हता. तो आवाज संपेपर्यंत तो थांबला, बोटं पुन्हा टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, ‘हा कोण रे? आमच्या बँडमध्ये तर नव्हता.’