फुर्नियेबाईंची हजेरी

रविवारी चर्च सुटलं की माझ्या घरमालकीणबाई फ्राऊ फुर्निये लगेच घरी येत नसत. मागच्या दफनभूमीत शिरत आणि थडग्यांची हजेरी घेत. छत्रीचं टोक एकेका दगडाकडे करून त्या नाव आणि त्याचा अर्थ मोठ्यानं वाचत, "लफेव्र, लोहार. शार्पांतिये, सुतार. द्युब्वा, रानातला." आमच्या शाळेत मास्तर हजेरी घेत तसाच सूर. फक्त 'हजर' म्हणायला कोणी नव्हतं. मोरो नावाच्या थडग्यापाशी आल्या की हटकून माझ्याकडे वळत. "मोरो, काळासावळा. फ्रान्समध्ये जन्मला असतात, तर हेच नाव पडलं असतं तुम्हाला."

शेवटचा दगड त्यांच्या यजमानांचा. "फुर्निये, भट्टीवाला," असं म्हणून त्या थांबत. दगडाच्या वरच्या अर्ध्या भागावर यजमानांचं नाव होतं. खालचा अर्धा कोरा होता. छत्रीचं टोक त्या कोऱ्या भागापर्यंत जाई आणि काही न वाचता खाली येई.

फ्रँकफर्टहून जंगल ओलांडून जाणारी ट्राम जिथे संपे, तिथलं हे गाव. फ्रान्सच्या राजानं धर्मासाठी देशोधडीला लावलेल्या प्रॉटेस्टंट लोकांनी ते वसवलेलं. माणसं कधीच जर्मन झाली होती, पण दारांवरची आडनावं फ्रेंचच राहिली होती. १९६१ साली मी तिथे खोली शोधत गेलो, तेव्हा दार उघडणाऱ्या उंच, सडसडीत म्हातारीनं आधी नाव विचारलं.

"वसंत," मी म्हणालो.

"हे झालं आईनं हाक मारायचं. घराचं नाव?"

मी खाली बघून, अर्धवट गिळून सांगितलं, "भडभुंजे."

हे नाव मला जड होतं. बार्शीला वडिलांची चुरमुरे-फुटाण्यांची भट्टी होती. तिच्याच धुरात अभ्यास करून मी कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात कॉलेज बघणारा मी पहिला. तिथे वसतिगृहात हाक यायची, "ए फुटाण्या, खारे आहेत का रे आज?" पदवी हातात आली तेव्हाच ठरवलं होतं, जर्मनीहून परत आल्यावर आडनाव बदलून 'बार्शीकर' करायचं.

"अर्थ काय त्याचा?" बाईंनी विचारलं. अर्थ सांगितल्याशिवाय आत घेण्याचं चिन्ह दिसेना. मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की वाळू तापवून भट्टीवर धान्य भाजणारे लोक.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आल्झो," त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही फुर्नियेच की!" मग दारातच समजावलं. जुन्या काळी फ्रान्समध्ये गावाला मिळून एकच मोठी भट्टी असे. घरोघरच्या बायका मळलेली कणीक घेऊन तिथे येत. ती भट्टी सांभाळायचा तो फुर्निये. "आणि इथे काय शिकायला आलात?"

"पोलाद वितळवायच्या भट्ट्या."

"मग बदललं काय हो?" असं म्हणून त्या हसल्या आणि वरच्या मजल्यावरची खोली दाखवायला निघाल्या.

मी त्यांना समोर फ्राऊ फुर्निये म्हणत असे, पण मनात 'बाई'च म्हणे. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणतात? संध्याकाळी स्वयंपाकघरात कोळशाच्या शेगडीजवळ त्या मला बसवून घेत. "माणसाचं आडनाव चार दारांनी येतं," त्या म्हणत. "बाप, गाव, धंदा आणि शेजाऱ्यांची जीभ." त्या स्वतः माहेरच्या लरू, म्हणजे तांबड्या केसांचे. "शंभर वर्षांत आमच्या घरात तांबडा केस कुणी पाहिलेला नाही. कुणा एका खापरपणजोबाचे केस शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर आले, आणि आम्ही सगळे जन्माचे तांबडे झालो."

मी त्यांना आपली नावं सांगितली. नगरहून आलेले नगरकर, लाकूडकाम करणारे सुतार, आणि गोरे.

"गोरे नावाचा काळा माणूस असतो का तुमच्याकडे?"

"भरपूर!"

त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्याच संध्याकाळी मी माझा 'बार्शीकर' व्हायचा बेत बोलून दाखवला. हसू थांबवून त्यांनी विचारलं, "आणि भट्टी कुणाच्या हवाली करणार?"

पण नावावरून नातं जोडलेलं त्यांना मुळीच खपत नसे. एकदा दूधवाल्याच्या दुकानात बाहेरगावची एक बाई गळ्यात पडायला आली. "अहो, मीही फुर्निये! आपण बहिणीच!" आमच्या बाई एक पाऊल मागे सरल्या. "तुमच्या गावात भट्टी होती, आमच्याही गावात होती. नातं एवढंच." घरी येताना मला म्हणाल्या, "लक्षात ठेवा, श्रीयुत भडभुंजे. धंद्यावरून पडलेलं नाव रक्ताचं काही सांगत नाही. प्रत्येक गावात एक भट्टी, म्हणून प्रत्येक गावात फुर्निये." मी म्हटलं, आमच्याकडेही सुतार गावोगावी असतात. "गेनाऊ! अगदी बरोबर!" त्या खूश झाल्या.

शेगडीवरच्या भिंतीवर एका मुलाचा फोटो होता. अंगात सैनिकाचा गणवेश, कान जरा पुढे आलेले. पॉल, त्यांचा एकुलता एक. युद्ध संपायच्या आदल्या वर्षी तो उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्याजवळ पडला. तिथल्याच दफनभूमीत त्याला पुरल्याचं त्यांना कळलं होतं, पण त्या कधी गेल्या नव्हत्या.

"कोणत्या तोंडानं जाऊ?" त्या म्हणाल्या. "एकदा त्यांनी आम्हाला हाकलून दिलं. मग अडीचशे वर्षांनी आमच्या घरातला एकच माणूस त्या देशात परत गेला. तोही बंदूक घेऊन. माझा पोरगा त्याचा द्वेष करणाऱ्या माणसांत पडलाय. कुठल्या कोपऱ्यात टाकलाय, कोण जाणे."

त्या सुमारास फ्रान्समध्ये ठिकठिकाणी पुरलेल्या जर्मन सैनिकांना उचलून मोठ्या लष्करी दफनभूमीत एकत्र आणायचं काम चाललं होतं. तिकडे त्या सैनिकांच्या आयांना घेऊन बसगाड्या जात. शेजारच्या एक बाई दोनदा जाऊन आल्या होत्या. पॉललाही तिथे हलवतील, याच आशेवर बाई होत्या. "तिथे सगळ्या आपल्यासारख्याच बायका असतील. मोकळेपणी रडता येईल." त्यांनी काळा कोट धुऊन, इस्त्री करून ठेवला होता.

दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत त्या कामावरचा एक अधिकारी घरी आला. बाईंनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. अधिकारी तरुण होता, संकोचलेला दिसत होता. म्हणाला, "आमची माणसं त्या खेड्यात गेली होती. पण गाव तुमच्या मुलाला द्यायला तयार नाही."

"तयार नाही? त्यांना काय करायचंय त्याचं?"

"गैरसमज झालाय, फ्राऊ फुर्निये. तिथला थडगी खणणारा म्हातारा फुर्निये आडनावाचा आहे. अर्धं गावच त्या नावाचं. मुलाच्या खिशातल्या कागदावर त्यानं नाव वाचलं आणि त्याला आपल्या घराण्याच्या रांगेत पुरलं. तो म्हणतो, गणवेश त्यांचा होता, पोर आमचं आहे. धर्मासाठी देश सोडून गेलेल्या आमच्या कुणा भाऊबंदाचं."

बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"फुलं ठेवतात?" त्यांनी विचारलं.

"हो, स्वतः पाहिलीत मी. त्यांच्या बाकीच्या थडग्यांवर होती तशीच." अधिकारी पुढे झुकला. "पण नातं काहीच नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तुम्ही एकदा तसं कळवलंत की म्हातारा ऐकेल. वसंत ऋतूपर्यंत मुलगा आपल्या माणसांत येईल."

बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. काळा कोट दाराच्या खुंटीला लटकत होता. नातं नाही, हे सांगायला त्यांच्याइतकं पटाईत त्या गावात कुणी नव्हतं. दूधवाल्याच्या दुकानात त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं होतं.

"त्या म्हाताऱ्याला काही सांगू नका," त्या म्हणाल्या.

"मग तो तिथेच राहील. आमच्या बसगाड्या तिकडे जात नाहीत."

"कळलं मला. तो घरी आहे. घरातून माणसाला उचलून बराकीत नेऊन ठेवू?"

अधिकारी गेल्यावर त्या शेगडीकडे तोंड करून रडल्या. त्या घरात मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होतो. माझ्या घरी अशा वेळी बायका जवळ घेतात. मला ते जमलं नाही. मी शेगडीत कोळसा घातला, आणि त्या थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

वसंत ऋतूत आपण दोघं त्या खेड्यात जाऊ, असं त्यांनी ठरवलं आणि गावाला तसं कळवलं. हिवाळाभर त्या मला फ्रेंच शिकवत होत्या. नमस्कार, आभार, ही त्याची आई. पण फेब्रुवारीत छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली आणि त्यांना इस्पितळात हलवावं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा उशीवर डोकं फार लहान दिसत होतं. सगळा काळ मला 'तुम्ही' म्हणणाऱ्या बाई त्या दिवशी म्हणाल्या, "तू जाऊन ये. आणि ऐक, तिथे कुणाला आमच्या नावाचा अर्थ शिकवत बसू नकोस."

त्यांना यजमानांच्या दगडाशेजारी पुरलं. खालचा कोरा भाग कोराच ठेवावा, असं त्यांनी पाद्रीबाबांना सांगून ठेवलं होतं. तो पॉलच्या नावासाठी राखलेला होता, आणि ते नाव आता तिथे कोरायचं कारण उरलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी त्या खेड्यात गेलो. चर्चच्या भिंतीलगत ती रांग होती. मी पहिल्या दगडापासून हळू आवाजात वाचत गेलो. फुर्निये, फुर्निये, फुर्निये. अर्थ सांगितला नाही. शेवटी पॉल फुर्निये. बाकीच्यांसारखाच साधा दगड, आणि समोर डब्यात ताजी शेवंतीसारखी पांढरी फुलं.

बाकावर एक म्हातारा टोपी घालून बसला होता. हाताच्या बोटांत माती होती. त्यानं विचारलं, "आई नाही आली?"

शिकलेल्या शब्दांत 'गेली' हा शब्द नव्हता. मी आकाशाकडे बोट केलं. त्यानं टोपी काढली. घरातलं माणूस गेल्यावर बसतात, तसा तो मान खाली घालून बसला. मग माझा रंग, माझा कोट नीट न्याहाळून म्हणाला, "आणि तू कोण?"

मी सरळ त्याच्याकडे बघून सांगितलं, "मीही फुर्निये."

तो बाकावर थोडा सरकला आणि त्यानं मला बसायला जागा केली.