तोफेची भाची आणि पलीकडचं कलम

आमच्या डेपोत तिला सगळे तोफ म्हणायचे. सीमेपलीकडच्या शहरात जाणाऱ्या बसवर मी ड्रायव्हर, ती कंडक्टर. तिनं "पुढे सरका" म्हटलं की मागच्या गाडीतली माणसंही सरकायची. तिची थोरली बहीण पलीकडे दिलेली. ती बाळंतपणात गेली आणि तिची लेक तोफेनंच वाढवली. पोरगी विशीची झाल्यावर बापाला आठवण आली. त्यानं तिला नेलं आणि तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात लावून दिलं.

त्या कारखान्याच्या मुकादमानं तिच्यावर बलात्कार केला. पोरगी गप्प बसली नाही, थेट पोलिसांत गेली. मुकादमाला धरलं. पण त्या देशात एक कलम होतं: अशा माणसानं त्या मुलीशी लग्न केलं की गुन्हा माफ. त्यानं कोठडीतूनच मागणी घातली आणि बापानं होकार दिला. तोफेला कळलं तेव्हा लग्न लागून गेलं होतं.

बस पलीकडे पोचताच ती तिकिटांची पिशवी खांद्याला तशीच ठेवून भाऊजींच्या घरी गेली. काही भलतंसलतं व्हायला नको म्हणून मीही मागोमाग गेलो.

"भाऊजी, ज्यानं लचके तोडले त्याच्याच ताटात पोर वाढलीत?"

"हळू बोल. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! शेजाऱ्यांसाठीच विकलीत ना तिला?"

"लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. आता निदान बायको म्हणून मान वर करून चालेल."

"मान? ती मान त्याच्या मुठीत दिलीत तुम्ही!"

थोड्या दिवसांनी भाची बसथांब्यावर आली. ओठ फाटलेला, डोळा सुजलेला. म्हणाली, "मावशी, मला घरी ने." तोफेनं तिला पहिल्या बाकावर बसवलं. पण नाक्यावर अधिकारी आमची वाटच बघत होता. नवऱ्यानं तक्रार केली होती आणि त्याच्या परवानगीवाचून बायकोला सीमा ओलांडता येत नव्हती.

तोफ बसच्या दारात हात पसरून उभी राहिली.

"बाई, तुम्ही परक्या. आमच्या कायद्यात नाक खुपसू नका."

"नाकच काय, अख्खी घुसेन! बलात्कार करणारा तुम्हाला आपला, आणि मी परकी?"

त्यानं शिपायांना हाक मारली. मावशीला अटक होऊ नये म्हणून भाची स्वतःहून उतरली. मी गाडी सुरू केली. तोफ मागच्या काचेपाशी उभी राहून नाका दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

पलीकडे एक वकीलबाई हे कलम काढायला वर्षानुवर्षं भांडत होत्या. तोफेनं त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, "तुमची साक्ष चालणार नाही. जिच्यावर बेतलंय तिनं बोलायला हवं. पण बायका पुढं येत नाहीत."

"बायका माझ्या गाडीत असतात," तोफ म्हणाली.

मग ती तिकिटं काढून झाली की एकेकीशेजारी जाऊन बसायची. कुणी तोंड फिरवलं, कुणी जागा बदलली, एक शेवटच्या थांब्यापर्यंत रडत राहिली. आमचे साहेब चिडले. "दुसऱ्याच्या घरची धुणी आपण का धुवायची?"

"त्या घरात माझी पोर आहे, म्हणून."

शेवटी तिथल्या संसदेच्या समितीनं सुनावणी लावली. भाची नवऱ्याच्या घरून निसटून आली आणि पहिली तीच उभी राहिली. तोफेला आत सोडलं नाही. ती पायरीवर बसून फाटकावरच्या शिपायाशी भांडत होती. आतलं वकीलबाईंनी सांगितलं. एका सदस्यानं विचारलं होतं, "लग्नानं तुझी अब्रू वाचली. आता तो संसार मोडायचाय?"

"साहेब, लग्नानं त्याची शिक्षा वाचली. माझी अब्रू गेलीच नव्हती."

तिच्यामागं इतर बायकाही बोलल्या. पुढं दोन वर्षं रेटारेटी चालली आणि कलम निघालं. बायकोवरची परवानगीची अटही गेली. साहेब फुलांचा गुच्छ घेऊन डेपोत आले. तोफेनं तो हातातही घेतला नाही.

"अभिनंदन कसलं? पुढच्यांना न्याय, आणि आधी सुटलेले सुटलेच! तो मुकादम अजून त्याच कारखान्यात बायकांवर ओरडतोय."

खरंच होतं ते. भाचीला घटस्फोटासाठी वेगळं भांडावं लागलं. तो मिळाल्यावर तोफ म्हणाली, "चल आता." पोरगी म्हणाली, "मी का गाव सोडू? तोंड लपवायचं तर त्यानं लपवावं." तिनं तिथंच खोली घेतली, दुसऱ्या ठिकाणी शिवणकाम धरलं. तोफ आठवडाभर धुमसली, मग माझ्या बसच्या टपावर खाट बांधून तिच्याकडे पोचवून आली.

परवा तोफेचे भाऊजी आमच्या गाडीत चढले. थकलेले दिसत होते. "पोरीला भेटायला चाललोय," ते म्हणाले. "काय करणार गं, कायदाच तसा होता."

"कायदा तसा होता. तुम्ही कसे होतात?"

त्यांनी सुटे पैसे पुढं केले. तोफेनं तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं. "तिनं दार उघडलं तर भेटा. नाही उघडलं, तर परतीची गाडी संध्याकाळी आहे."