याला फक्त ड्रिप

"याला फक्त ड्रिप. बोलायचं सेशन नको," डॉक्टर म्हणाले. "हे लोक काय बोलणार?"

'याला' म्हणजे मला. मी समोरच बसलो होतो. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे ते, मध्ये माझ्या बायकोने आणलेली चिकूंची पिशवी. त्यांनी त्यातला एक चिकू काढला होता आणि माझा निकाल देता देता अंगठ्याने दाबून बघत होते, पिकलाय का. चिकू कच्चा निघाला. त्यांनी तो परत ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

बाजूला एक तरुण समुपदेशक उभी होती. ती म्हणाली की आधीचं आणि नंतरचं बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. त्यांनी नुसता हात वर केला. तिने हातातली फाईल मिटली. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. तेच तर दुखणं होतं.

आता गंमत ऐका. ज्याच्याकडे बोलण्यासारखं काही नाही असं त्या दिवशी ठरलं, त्याला डहाणूपासून तलासरीपर्यंत फक्त बोलण्यासाठी बोलावतात. मी क्रिकेटचा समालोचक आहे. भात कापून झालं की आमच्याकडे मोकळ्या शेतात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. मंडप, मंडपात टेबल, टेबलावर माईक, माईकमागे मी. इतर दिवशी चिकूच्या वाडीत मजुरी करतो, पण माईक हातात आला की मी राजा. सुरुवात मराठीत, टोमणा गुजरातीत, षटकार गेला की हिंदी, आणि आमच्या पाड्यावरचा गडी खेळत असेल तर थेट वारली. चिखले गावचा एक जाडा फलंदाज धावताना डुलायचा. मी त्याला एकदा 'चालती कणगी' म्हटलं. त्याच्या लग्नात नवरीकडचे लोकसुद्धा विचारत होते, कणगी कुठाय?

आणि माझा धाकटा भाऊ देवजी. डावखुरा, वेगवान, रनअप एवढा लांब की तो मागे चालत गेला की लोक म्हणायचे, घरी चालला वाटतं. तो धावायला लागला की मी माईकवर म्हणायचो, येतोय, येतोय, येतोय. आणि सगळं मैदान एका सुरात म्हणायचं, आला! दोघांचा मिळून एक खेळ होता तो. बॉल त्याचा, आवाज माझा.

देवजी हायवेवर गेला. मोटरसायकल होती, मागून ट्रक आला. याहून जास्त मी कधी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात मी माईक हातात घेतला. कुणीतरी उंच फटका मारला. चेंडू वर गेला आणि माझ्याकडे शब्दच नव्हता. चेंडू खाली आला, झेलला गेला, लोक ओरडले. मी गप्प. मैदान चेंडूकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होतं. संयोजकांनी सौजन्याने गाणी लावली.

लोकांना वाटतं, या आजारात माणूस रडतो. मी रडलो असतो तर माझी बायको खूश झाली असती. मी बसून राहायचो. ताटात भात असो की माती, जिभेला सारखंच. चिकू तोडायला झाडावर चढायचो आणि फांदीवरच बसून राहायचो, खालून मुकादम शिव्या द्यायचा, त्या शिव्याही सपक लागायच्या. बायकोने आधी भगताकडे नेलं. त्याने सुपात तांदूळ टाकून बघितले, एक कोंबडी घेतली, पण शेवटी प्रामाणिक माणूस, म्हणाला, "हा माझ्या हातचा नाय. दवाखान्यात जा."

तलासरीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम मला दादा म्हणायच्या. त्यांनी गोळ्या दिल्या. वाट बघितली, डोस वाढवला, पुन्हा वाट बघितली. मग गोळी बदलली. एका गोळीने झोप आली. दुसरीने तोंड कोरडं पडलं, समालोचकाला हेच व्हायचं बाकी होतं. आत मात्र काही हललं नाही. मग त्यांनी सांगितलं की काही लोकांचा हा आजार गोळ्यांना दाद देत नाही. त्यांच्यासाठी केटामिन नावाचं औषध आहे, ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तेच. कमी प्रमाणात, ड्रिपमधून, रक्तदाबावर लक्ष ठेवून देतात. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि आला तरी टिकेलच असंही नाही. पण त्यानंतर काही दिवस मन सैल पडतं, आणि त्या दिवसांत जाणत्या माणसाबरोबर बोलून घ्यायचं असतं.

मला ते लगेच समजलं. पावसाने जमीन मऊ झाली की तेव्हाच लावणी करायची. नांगरून नुसतं सोडून दिलं तर गवतच उगवणार.

म्हणून आम्ही डहाणूला त्या खासगी दवाखान्यात गेलो. तिथे मुंबईहून मोठे डॉक्टर ठरलेल्या दिवशी यायचे. आणि त्यांनी ठरवलं, याला नांगरा. पेरायची गरज नाही.

पहिल्या ड्रिपला उपाशीपोटी गेलो. हातात सुई, दंडाला पट्टा. बायकोला बाहेर बसवलं. नर्सने सांगितलं, "काय दिसतंय ते बोलत राहा, म्हणजे आम्हाला कळेल." बस्स. समालोचकाला असं सांगायचं नसतं.

थोड्या वेळाने माझे पाय माझे राहिले नाहीत. मी छताजवळ होतो आणि खाली पलंगावर एक मध्यमवयीन गृहस्थ पडला होता, बनियनला भोक असलेला. मग माझा धंद्याचा आवाज सुरू झाला. नमस्कार मंडळी. खेळपट्टी पांढरी, चादर धुतलेली, डॉक्टरसाहेब पॅव्हेलियनच्या टोकाला उभे, नजर मोबाईलवर, आज शेअर बाजार पडलेला दिसतो. खोलीत हशा पिकला. मी ऐकत होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. किती दिवसांनी कुणी माझ्या बोलण्यावर हसत होतं.

आणि मग तिकडे, भिंतीच्या पलीकडे, मैदान संपतं तिथे, देवजी उभा होता. चेंडू डाव्या हातात, पॅन्टवर घासत. धावायला लागला. मी म्हणालो, येतोय. येतोय. येतोय. तो धावत होता आणि जवळ येत नव्हता. मी म्हणत राहिलो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मला वरून दिसत होतं.

ते हसतच होते. कुणीतरी म्हणालं, "अरे, याचा बॉलर पोचणार कधी?"

घरी आलो. दुसऱ्या दिवशी बायकोने सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी वाढली. मी घास घेतला आणि म्हणालो, "मीठ जास्त झालाय."

तिने ताट खाली ठेवलं. मला वाटलं आता भांडणार. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, "बोल. आजून बोल. मिरची कशी झाली ता पण सांग."

सांगायची गोष्ट ही की औषधाने काम केलं होतं. मीठ मला परत मिळालं होतं. समुद्राचा वास आला. मुकादमाच्या शिवीला मी उलट शिवी दिली, तो बिचारा घाबरला. आणि त्याच दिवसांत देवजी सारखा समोर यायचा, धावत, न पोचता. तो आता कुणाला तरी सांगायला हवा होता. सांगायला माणूस दिला नव्हता. कारण हे लोक काय बोलणार.

मग दुसऱ्या ड्रिपचा दिवस.

आत गेलो तर पलंगाशेजारी दोन खुर्च्या जास्तीच्या. त्यावर डॉक्टरांचे दोन मित्र, समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला आलेले, पायात अजून वाळू. एकाच्या हातात मोबाईल, त्यात मी. पलंगावर पडलेला, डोळ्यांतून पाणी, येतोय, येतोय. गेल्या वेळी कुणीतरी चित्रीकरण केलं होतं. ते दोघे बघून हसत होते, तसं वाईट मनाने नाही. मुलांचा व्हिडिओ बघून हसतात तसं.

डॉक्टर म्हणाले, "हा बघा आमचा कलाकार. चल, झोप. आज यांना तो बॉलर ऐकव."

मी झोपलो. हो, झोपलो. हातही पुढे केला. सवय असते अंगाला. वाडीत शेठचे पाहुणे आले की आम्हाला नाचायला बोलवायचे, जेवता जेवता बघायला. आम्ही नाचायचो. माझा बाप नाचला, मीही नाचलोय. नर्सने कापूस फिरवला, मनगट थंड पडलं. तेवढ्यात मोबाईलमधला माझा आवाज पुन्हा सुरू झाला. येतोय.

मी हात काढून घेतला.

"सुई नको," मी म्हणालो.

"का रे? घाबरलास?"

"तो बॉलर माझा भाऊ आहे. मेलाय तो."

खुर्चीतल्या एकाने मोबाईल उलटा ठेवला. डॉक्टर म्हणाले, अरे मग आधी सांगायचं नाही का. मी उठून बसलो. माझा आवाज माईकवरचा नव्हता, घरातला होता. मी म्हणालो, सांगायलाच आलो होतो. तुम्ही सांगणं बंद ठेवलंत. आता ऐका. या दोघांना बाहेर काढा. तो व्हिडिओ माझ्यासमोर पुसा. बाहेर ती समुपदेशक मुलगी आहे, तिला आत बोलवा, तिला ऐकता येतं. आधी बोलणं, मग ड्रिप, मग पुन्हा बोलणं. दार बंद. आणि मला अहो म्हणा, वयाने मी मोठा आहे.

त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "हे औषध या भागात दुसरं कोण देतं, ते शोध जा."

व्हिडिओ मी पुसून घेतला. मोबाईलवाल्यानेच पुसला, मान खाली घालून. आणखी कुणाकुणाकडे गेलाय, देव जाणे. मी चपला घातल्या आणि बाहेर आलो. बायकोने हाताकडे बघितलं, पट्टी नव्हती. रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्या सुई न टोचलेल्या हातावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मीठ जाईल तुझा."

गेलं. हळूहळू गेलं. आधी वास, मग चव, मग शिव्या. आता पुन्हा ताटात भात की माती, सारखंच. मी बरा झालो नाही, आणि अपमान गिळला नाही म्हणून आतून उजळलो वगैरे असंही काही झालं नाही. तलासरीच्या मॅडमची गोळी घेतो, त्यांच्यासमोर महिन्याला बसतो. त्यांनी डहाणूच्या त्या प्रकाराची तक्रार वर पाठवली आहे, खाली मी स्वतः सही केली. दोन्ही गोष्टी मिळतील, औषध आणि बोलणं, असं मोठं सरकारी इस्पितळ त्या शोधताहेत. लांब असेल, म्हणाल्या. नंबर लागायला वेळ जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.

समालोचनाचा एक नियम मी सगळ्या पोरांना शिकवतो. अंपायरचं बोट वर जात नाही तोवर कुणाला बाद म्हणायचं नाही, मग तिन्ही स्टंप तीन दिशांना उडाले असले तरी. त्या डॉक्टरांना मी अंपायर मानत नाही.

देवजी अजून धावतोय. त्याला मी क्रीजपर्यंत आणणार आणि तो चेंडू त्याच्याकडून टाकून घेणार. माझ्या भाषेत, बंद दारामागे, मला अहो म्हणणाऱ्या माणसासमोर. तमाशा बघायला जमलेल्यांसमोर त्यातला एक शब्दही काढणार नाही.

तोवर मीठ लागलं नाही तरी चालेल.