किसनचं रक्त पुन्हा घेतलं

गेल्या सोमवारी सेमाडोहच्या पुढच्या एका गावात गेले होते. एक निकाल सांगायचा होता, आणि तो फोनवर सांगण्यासारखा नव्हता. नावं बदलून लिहितेय.

आधी कामाबद्दल थोडं... मी अमरावतीच्या एका लॅबमध्ये आहे. मेळघाटातल्या वरच्या काही गावांत आम्ही घरोघरी रक्ताचे नमुने घेतोय. तिथे सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या तिथेच होतात, त्यामुळे सिकलसेलसारखा रक्ताचा आजार घराण्यात कसा उतरतो ते नीट समजतं. आमचे सर त्या गावांना सोन्याची खाण म्हणतात. मला तो शब्द आता ऐकवत नाही.

सुनीता आम्हाला त्यातच सापडली. चौदा वर्षांची पोर, सांधे दुखायला लागले की ओढणीचा बोळा तोंडात कोंबून पडून राहते. वरचेवर रक्त चढवावं लागतं, आणि आता तेही सोसेनासं झालंय. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावाचा बोनमॅरो जुळला तर काही आशा आहे. आईवडिलांचं अर्धंच जुळतं, तेवढ्यावर प्रत्यारोपण करायला कुणी डॉक्टर तयार नाही.

भाऊ होता. किसन, तिच्याहून बराच मोठा, धडधाकट. आम्ही सगळे किती हरखलो होतो... आता तूच तिचा आधार, असं मीच त्याला म्हटलं होतं.

रिपोर्ट आला. बहिणीशी जुळला नाही, इथवर ठीक, असं होतं. पण मुलाचं आईबापाशी जसं जुळायला हवं तसंही काही जुळत नव्हतं. नळ्या बदलल्या असणार म्हणून मी लॅबमध्ये सगळ्यांना फैलावर घेतलं, पुन्हा तपासायला लावलं... तेच.

म्हणून सोमवारी गेले. किसन कामाला गेला होता. त्याच्या आईला, फुलाबाईला, बाजूला घेऊन हळूच विचारलं, किसन तुमच्याच पोटचा ना? ती जराही दचकली नाही.

"नणंद बायतपणात गेली. माहं पयलं लेकरू त्याच आठवड्यात गेलं होतं, दूध होतं. मंग मीनंच घेतलं त्याले."

मी म्हटलं, मावशी, आम्ही विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलं?

"तुमी लेकरं किती हायेत म्हून इचारलं. दोन हायेत तं दोन सांगतले."

गावात हे सगळ्यांना माहीत आहे. पण जिनं दूध पाजलं तिचं ते पोर, त्यावर पुन्हा बोलायचं नाही, अशी तिथली रीत. एवढाल्या प्रश्नावल्या घेऊन फिरणाऱ्या आम्हाला तसं काही विचारायचं सुचलंच नाही. माहीत नाही ते फक्त किसनला.

फुलाबाईनं माझा हात घट्ट धरला. "त्याले सांगू नका, बाई. पोरगी तं जाऊनच राहिली... हे कळलं तं पोरगाबी जाईन माहा."

परतीच्या जीपमध्ये मी रडत होते. नियमाने निकाल किसनचा आहे, तो सज्ञान आहे, त्याचा हक्क आहे. संध्याकाळी फोन करून त्याला एवढंच सांगितलं की जुळलं नाही.

काल तो अमरावतीला आला. एकटाच, परतवाड्याला बस बदलून. खुर्चीत बसला आणि शर्टाची बाही वर केली.

"मॅडम, खर्रा सोडला मी, तंबाखूले हातबी लावत नाई. त्यानंच रक्त खराब झालं असन माहं, म्हून जुळलं नाई. आता पुन्हा घेऊन पाहा."

मी रक्त घेतलं. नळीवर नाव घातलं. ती कुठेही पाठवायची नाही, हे मला माहीत होतं.

"कधी कळन?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, सांगते.

आज सकाळपासून कामात लक्ष नाही. सुनीता वाचेल असं मला आता वाटत नाही... खूप हताश वाटतंय, म्हणून इथे लिहिलं. खरं सांगितलं तर किसनची आई जाते. नाही सांगितलं तर आपल्या खर्ऱ्यापायी बहीण गेली, असंच तो जन्मभर धरून बसेल.