मानानं आलेली बरणी

सत्याचाच अखेर विजय होतो, असं आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात पाण्याच्या टाकीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. टाकीला झाकण नव्हतं. ते बसवा, असं दरवर्षी सांगणारे एकच गृहस्थ होते, वनस्पतिशास्त्राचे पाईकराव सर.

सरांना बुरशीचा नाद. शिळ्या पोळीवर लव दिसली की ते तुकडा खिडकीजवळ नेऊन निरखत आणि पोरांना म्हणत, "ही कोणती, ते नुसत्या डोळ्यानं मला सांगता येत न्हाई. 'माहीत न्हाई' म्हणायला बी शिकावं लागतंय, लेकरांहो." आमच्या स्टाफरूममध्ये हे शिकण्याची गरज इतर कोणाला पडली नव्हती.

नव्वदच्या दशकात गावात बरणीतल्या चहाची साथ आली. गोड कोऱ्या चहावर सायीसारखा जाड थर तरंगत ठेवायचा. चहा आंबतो, थराला नवा थर धरतो. त्याला 'लेक' म्हणत. लेक विकायची नाही, फेकायची नाही. मानानं दुसऱ्या घरी द्यायची. गुडघे, दमा, साखर, सगळ्यांवर हा एकच उतारा. प्राचार्यांनी त्यावर भाषणही केलं. त्यांच्या पत्नीनं एक लेक सरांच्या थोरल्या बहिणीला दिली. ही अक्का सरांकडेच राहायची. तिला पूर्वी कावीळ होऊन गेली होती.

पुढे थरावर हिरवी लव आली. अक्का ती चमच्यानं काढून खालचा चहा प्यायची. एकदा माझ्यासमोरच सर म्हणाले, "अक्का, बुरसलेला शेंगदाणा तू कोंबडीला टाकत न्हाईस. मग हे काहून पिऊन राहिलीस? वरचं काढलं तरी विष खाली उतरलेलं असंल."

"दाणा घरचा असतो. हे मानानं आलंय."

"बुरशीला मान कळत न्हाई."

"तुला तरी कुठं कळतो? त्या घरातून आपल्या घरात पहिल्यांदा काही आलं, बाबू. अन् ते मी नालीत वतू?"

मान हा वनस्पतिशास्त्राचा विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर प्राचार्यांकडे गेले. "हिरवं आलं की बरणी फेका, एवढं तुमी सांगा. तुमचं ऐकतील."

"विष आहे, हे सिद्ध करा."

"बुरशी कोणती, तिनं विष सोडलं का, किती सोडलं, पिणाराचं लिवर कसं, हे तपासल्याबिगर मला सांगता येत न्हाई. पण माहीत नसलेलं प्यायचं काहून?"

प्राचार्यांनी 'सांगता येत न्हाई' इथपर्यंतच ऐकलं.

पुढच्या पावसाळ्यात अक्का गेली. यकृत, असं डॉक्टर म्हणाले. मी सरांना म्हटलं, "आता तरी बोला."

"काय बोलू? कावीळ आधीची. बरणी कोणी तपासली न्हाई. माहीत न्हाई."

शोकसभेत प्राचार्य गहिवरून म्हणाले, "सर खरे वैज्ञानिक! बरणीला दोष देता येत नाही, हे त्यांनी स्वतः मान्य केलं." सभेतल्या माना डोलल्या. गावात लेकी नांदत राहिल्या.

काही वर्षांनी सर निवृत्त झाले. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं आणि सत्यनिष्ठेवर पाऊण तास बोलले. टाकी तेव्हाही उघडीच होती. घरी येऊन सरांनी नारळ फोडला, तर आतून बुरसलेला. त्यांनी तो खिडकीजवळ नेऊन निरखला आणि उकिरड्यावर टाकून दिला.