दुसरं कार्ड बसवलं त्या दसऱ्याला

माझ्या मावसभावाचा उजवा हात ग्राफिक्स कार्डामुळे निकामी झाला, असं आमच्या नात्यात आजही सांगतात. कुणाचं पोरगं कॉम्प्युटरपुढे दिसलं की एखादी आत्या सुरू होते, "त्याचं काय झालं माहितीये ना? गेमचा नाद, बाई!" हे खोटं आहे. कार्डाने काहीही केलं नाही. सभेत ओरडून सांगितलं, पत्रकात छापलं, पण नातेवाईक पत्रकं वाचत नाहीत, त्यांच्यात वडे गुंडाळतात. म्हणून इथे सगळं सरळ लिहितो.

दादाचं, म्हणजे या मावसभावाचं, नाशिकरोडला गेमिंग पार्लर होतं. म्हणजे एक गाळा, भिंतीला लावून मांडलेले कॉम्प्युटर, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि घामाचा वास. गिऱ्हाईक म्हणजे आमच्या कॉलेजची पोरं आणि देवळाली कॅम्पातून बसने येणारी फौजींची मुलं. ती हिंदीत भांडायची, आम्ही मराठीत, शिव्या सामायिक. दादाला यापलीकडे काही जमलं नव्हतं. दोन नोकऱ्यांतून त्याला काढलं होतं. गाळा गेला तर हा माणूस घरी बसणार आणि पुन्हा उठणार नाही, हे मावशीला माहीत होतं, मला माहीत होतं, त्याला तर होतंच.

त्या गाळ्याला अर्थिंग नव्हतं. सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्या भोकाची वायर कुठेच जात नव्हती. त्यामुळे मशीनमधून पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या खोक्याला, कॅबिनेटला, हात लागला की झिणझिण्या यायच्या. जगात सगळीकडे चपला दाराबाहेर काढतात, दादाच्या पार्लरमध्ये तो दारातून ओरडायचा, "चपला घालून बस रे, मरशील!" नवीन गिऱ्हाईक दचकलं की सगळे हसायचे. झिणझिण्यांची सवय होते. आपल्या लोकांना कशाचीही सवय होते, हाच आपला रोग आहे.

गाळामालक निफाडकडचा द्राक्षबागायतदार. भाडं घ्यायला यायचा तेव्हा दादाने त्याच्याकडे विषय काढला होता. मी शेजारीच उभा होतो.

"काका, अर्थिंगचा खड्डा घेतो. मीठ-कोळसा भरून प्लेट पुरायची. खर्च माझा."

"नवी फरशी फोडतो? लय शहाणा झाला का रे?"

"आत नाही, बाहेर पायरीपाशी."

"पायरीपाशी नाय अन् कुठंच नाय. पोरांच्या खेळण्याला कसला आलाय खड्डा! पटत नसंल तर रिकामा कर. मागणारे लय हायेत."

याच माणसाच्या बागेत मोटरपंपाला व्यवस्थित अर्थिंग होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. उन्हाळ्यात गडी त्याच्या खड्ड्यात पाणी ओतायचा. मोटर जळली तर मालकाचं नुकसान होतं. माणूस जळला तर कुणाचं?

मग समोरच्या बाजूला एक नवं पार्लर उघडलं. एसी, काचेचं दार, गुबगुबीत खुर्च्या. कॅम्पातली पोरं तिकडे वळली. एक जण जाता जाता दादाला म्हणाला, "भैया, उधर डबल कार्ड है. आप कब लगाओगे?" झालं. दादाच्या डोक्यात दुसरं कार्ड शिरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेममधलं चित्र पडद्यावर काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. त्या काळात एकाच मशीनमध्ये दोन कार्डं शेजारी लावून, वर एक छोटी पट्टी जोडून, दोघांकडून मिळून चित्र काढून घ्यायची सोय आली होती. अट एकच, दोन्ही कार्डं एकाच प्रकारची हवीत.

"एकाच जातीचं पाहिजे?" आमच्यातला एक जण म्हणाला. "च्यायला, कार्डासाठीपण स्थळ बघायचं?"

"पत्रिकापण जुळावी लागते," दादा म्हणाला. "मदरबोर्ड सासूसारखा असतो. तिने हो म्हटलं पाहिजे."

आम्ही जे गेम खेळायचो त्यांना एक कार्डही जास्त होत होतं. मी तसं बोललो. दादा म्हणाला, "अरे खेळायला नाही, दाखवायला घेतोय." त्याने कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा कापून काच बसवली, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आतली दोन कार्डं दिसावीत. दोन कार्डांना वीज जास्त लागते, त्यासाठी मोठा पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, लागतो. तो परवडेना, म्हणून भंगाराच्या मालातून एक जुना पॉवर सप्लाय आणला. तो कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवला, पत्र्याला पत्रा स्क्रूने आवळला आणि त्याच्या वायरी मागच्या भोकातून आत सोडल्या. असं सगळेच करत होते.

मुहूर्त दसऱ्याचा. सकाळी गाळा धुऊन काढला, फरशी ओलीच होती. मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ. पूजेला चपला कोण घालतं? सगळ्यांच्या चपला बाहेर होत्या, दादाच्याही. नारळ फोडला, पेढे वाटले आणि पोरं म्हणाली, आत्ताच बसवा, आम्हाला बघायचंय.

लाइट गेलेली होती. भारनियमनाची वेळ. आमच्या गावात तेव्हा भारनियमन म्हणजेच मेन स्विच. पंखा पुसायचा, होल्डर बदलायचा, तुटलेली वायर पिळायची, सगळं लाइट गेली की करायचं. बटण बंद करायला, पिन उपटायला कोण जातंय? दादाने काच काढली, हात आत घातला.

"दादा, पिन काढ ना."

"लाइट आहे का? संध्याकाळशिवाय येत नाही. माळ धर जरा, मध्ये येतीये."

पण सण होता. सणाच्या दिवशी वीज कंपनीला कधी कधी दया यायची आणि लाइट लवकर सोडायचे. दया यायच्या आधी कुणाला कळवायची पद्धत नव्हती.

लाइट आली की आपल्याकडे ओरडतात. ट्यूब लुकलुकली आणि सगळा गाळा एका आवाजात ओरडला, "आली!" दादा ओरडला की नाही, ते त्यामुळे कुणालाच कळलं नाही. भंगारातल्या पॉवर सप्लायमधली एक वायर आतून पत्र्याला टेकली होती, आणि पत्र्यातल्या करंटला ओल्या फरशीत जायला दादाच्या अंगाचीच वाट होती. दादाची मूठ कॅबिनेटच्या कडेवर आवळली गेली होती, सुटत नव्हती. पोरं अजून टाळ्या वाजवत होती. मी बोर्डाचं बटण पाडलं तेव्हा तो झेंडूसकट खाली पडला.

तो वाचला. तळहात आतपर्यंत भाजला होता. बोटं राहिली, पण ती मिटत नाहीत. माउस धरता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही. दुसरं कार्ड शाबूत होतं, नंतर कुणीतरी चालू करून बघितलंही.

मी पेटलो होतो. तोवर मी कॉलेजच्या फीवाढीविरुद्धची पत्रकं वाटायचो, आता स्वतः एक लिहिलं. गाळामालकाचा नकार, न खणलेला खड्डा, सगळं. विद्युत निरीक्षक चौकशीला येणार होते. अर्थिंग नव्हतं एवढं त्यांच्या अहवालात आलं असतं, की मालक सापडला असता. त्यासाठी दादाने खरं बोलायचं होतं, बस.

निरीक्षक आले. मालकही आला, स्वच्छ टोपी घालून, दादासाठी बेदाण्यांची पेटी घेऊन.

"गाळ्याला अर्थिंग होतं का?" निरीक्षकांनी विचारलं.

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "होतं साहेब. दुसरं कार्ड बसवताना मीच वायर सोडवली. चूक माझी."

निरीक्षकांनी तेवढंच लिहून घेतलं, सॉकेट उघडून बघितलं नाही.

"सहन करायचं अन् धंद्याला लागायचं," मालक म्हणाला. "गाळा तुझाच हाये, पोरा. काय काळजी करू नको."

ते दोघे गेले. मी दादावर ओरडलो. भेकड म्हणालो, विकला गेलास म्हणालो. तो डाव्या हाताने पेटीची दोरी सोडवायचा प्रयत्न करत होता.

"गाळा राहिला ना," तो म्हणाला. "तुझ्या पत्रकाने मला दुसरा मिळाला असता का?"

"मग आता तरी तो खड्डा खणू देणार आहे का? विचारलंस?"

पेटीची दोरी अजून सुटत नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "परत कशाला विषय काढायचा."