पहिला खिळा

सकाळी घराची रजिस्ट्री झाली. सामान रविवारी हलवायचं होतं, म्हणून दुपारी मी आणि माझी बायको शैला झाडलोट करायला नव्या घरी गेलो. कुलूप उघडून आत शिरताच शैलाने पिशवीतून केरसुणीच्या आधी हातोडी काढली.

"आधी हे," ती म्हणाली.

एकोणीस वर्षं आम्ही भाड्याच्या घरांत काढली. प्रत्येक मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आमच्या लग्नाचा फोटोसुद्धा कपाटावर टेकून उभा असायचा. भाडेकरू भिंतीशीही पाहुण्यासारखा अदबीने वागतो, आणि पुढे ती अदब अंगात मुरते.

शैलाचा पहिला घाव चुकला आणि गिलाव्याचा टवका उडाला. मी सवयीने दचकलो. ती मात्र खळखळून हसली आणि पुन्हा ठोकू लागली.

आवाज ऐकून समोरच्या काकू दारात आल्या. "कोण ठोकतंय गं?"

"मी," घाम पुसत शैला म्हणाली, "या घराची मालकीण."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग ठोक खुशाल. तोवर मी चहा टाकते."